ग्रँडकाठचा शिपाईगडी

गॉल्टच्या बाजारात सफरचंदांचे पैसे चुकते केल्यावर वहिनींनी पर्समधून आणखी एक नाणं काढलं आणि दाराशी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या डब्यात टाकलं. त्यांनी टाचणीला लावलेलं लाल पॉपीचं फूल वहिनींच्या कोटावर खोचायला दिलं. ऑक्टोबर संपत आला की कॅनडाभर ही फुलं दिसू लागतात. ११ नोव्हेंबरला पहिलं महायुद्ध थांबलं, त्या दिवसापर्यंत ती छातीवर मिरवायची.

माझा चुलतभाऊ इथल्या मोटारींच्या कारखान्यात नोकरीला आहे. त्याच्याकडे आठवडाभर राहिलो तेव्हा कॅनडातलं हे केंब्रिज पाहिलं. टोरांटोहून महामार्गाने तासाभराची वाट. गॉल्ट, प्रेस्टन आणि हेस्पेलर ही तीन गावं १९७३ साली एकत्र करून हे शहर झालं. २०२१च्या जनगणनेत वस्ती सुमारे १ लाख ३८ हजार होती. पण जुन्या माणसांना 'कुठले?' असं विचारलं, तर ते अजूनही गॉल्टचे किंवा प्रेस्टनचे असल्याचंच सांगतात. ग्रँड नदीच्या दोन्ही काठांवर चुनखडीच्या दगडाच्या देखण्या इमारती आहेत. एका जुन्या रेशीमगिरणीत आता वास्तुकलेचं महाविद्यालय भरतं. १९७४च्या पुरात गॉल्टची पेठ पाण्याखाली गेली होती. आता काठाला भिंती आहेत आणि त्यांवरून संध्याकाळी लोक फिरायला जातात. गावाबाहेर पडलं की मक्याची शेतं लागतात, पण दर दोन शेतांआड नव्या घरांच्या रांगा उभ्या राहताहेत. ते पाहताना मला साताऱ्याबाहेरचा रस्ताच आठवत राहिला.

बाजारातल्या त्या गृहस्थांशी बोलत उभं राहिलो. त्यांच्या वडिलांची शेती होती, गाईंचा गोठा होता. दुसऱ्या महायुद्धात वडील गॉल्टच्या हायलंड लाइट इन्फंट्रीतून लढले. ८ जुलै १९४४ रोजी नॉर्मंडीतलं बुरॉन हे खेडं या पलटणीनं घेतलं, तेव्हा एका दिवसात अडीचशेच्या वर माणसं मेली किंवा जखमी झाली. वडील जिवंत परतले आणि दुसऱ्या दिवसापासून धारा काढायला लागले. 'घरात बुरॉनचा शब्द कधी निघाला नाही,' म्हातारबाबा म्हणाले. 'फक्त जुलैत एक दिवस ते जेवायला घरात येत नसत. गोठ्यातच बसून असत. आई ताट तिकडे पाठवायची.' आता तो गोठा नाही, शेतही विकलं गेलं. पण जुलैतल्या त्या दिवशी सगळी भावंडं जमतात आणि वडिलांची गोष्ट नातवंडांना सांगतात.

निघताना ते म्हणाले, 'तुमच्या देशाचाही एक जण इथं आहे. शेतावरच काम करायचा. त्याची गोष्ट सांगायला मात्र घरचं कुणी नव्हतं.'

दुसऱ्या दिवशी आम्ही शेजारच्या किचनेर गावातल्या माउंट होप दफनभूमीत गेलो. हे किचनेर १९१६ पर्यंत बर्लिन होतं, युद्धामुळे नाव बदललं. बकम सिंग या शीख शिपायाची तिथली कबर साधीच, आजूबाजूच्या सैनिकांच्या कबरींसारखी. बकम सिंग १८९३ साली पंजाबातल्या होशियारपूरकडच्या माहिलपूरला जन्मला. दहाव्या वर्षी लग्न लागलं आणि १९०७ साली, चौदाव्या वर्षी पोरगं एकटं समुद्र ओलांडून ब्रिटिश कोलंबियात उतरलं. त्याच वर्षी त्या प्रांतानं भारतीय माणसांचा मतदानाचा हक्क काढून घेतला. पुढच्या वर्षी केंद्र सरकारनं नियम केला, की मायदेशातून थेट, वाटेत कुठंही बोट न बदलता आलेल्यालाच कॅनडात पाय ठेवता येईल. थेट येणारी बोट मिळणं जवळजवळ अशक्य, त्यामुळे बायकामुलं तिकडेच अडकली. १९१४ साली कोमागाटा मारू बोटीतल्या ३७६ प्रवाशांपैकी बहुतेकांना व्हँकुव्हरच्या बंदरातूनच परत धाडलं.

बकम ओंटारिओत आला आणि रोझबँक गावी एका शेतावर गडी म्हणून राहिला. १९१५च्या वसंतात तो सैन्यात भरती झाला. ज्या देशानं त्याच्या माणसांना दार लावलं, त्या देशासाठी. पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यात जेमतेम दहा-एक शीख होते, त्यातला हा एक. विसाव्या पलटणीतून तो फ्लँडर्सच्या खंदकांत लढला, १९१६ साली दोनदा जखमी झाला. एकदा त्याच्यावर उपचार झाले ते डॉक्टर जॉन मॅक्रे यांच्या रुग्णालयात. पॉपीच्या फुलाला ज्यांच्या कवितेनं अर्थ दिला तेच हे मॅक्रे. त्यांचं जन्मगाव ग्वेल्फ केंब्रिजहून अर्ध्या तासावर आहे.

गोळ्यांतून वाचलेल्या बकमला इंग्लंडात क्षयानं गाठलं. परत आणून त्याला ग्रँडकाठच्या फ्रीपोर्ट रुग्णालयात ठेवलं. केंब्रिजहून किचनेरला जाताना वाटेत नदी ओलांडतो, तिथंच ते आहे, आजही रुग्णालयच. २७ ऑगस्ट १९१९ रोजी तो गेला, पंचविसाव्या वर्षी. वहिनी बराच वेळ त्या दगडापाशी उभ्या होत्या. मग म्हणाल्या, 'भाऊजी, तिकडे त्याच्या बायकोला कुणी आणि कसं कळवलं असेल हो?'

पुढची नव्वद वर्षं तो विस्मरणात होता. मग संदीपसिंग ब्रार या इतिहास-अभ्यासकाला इंग्लंडात, लंडनच्या एका गहाणवटीच्या दुकानात एक विजयपदक मिळालं. या पदकाच्या कडेवर शिपायाचं नाव कोरलेलं असतं. त्या कडेवरच्या नावाचा माग काढत ते सैन्याच्या कागदपत्रांतून या कबरीपर्यंत पोचले. पहिल्या महायुद्धातल्या शीख शिपायाची कॅनडातली ज्ञात अशी ही एकच कबर. आता दर नोव्हेंबरात तिथं शेकडो माणसं जमतात, अरदास होते, सैन्याचे अधिकारी येऊन सलामी देतात. ज्याला इथं घर नव्हतं, त्याचं एवढं मोठं घर झालं.

माझं मन मात्र तिथून साताऱ्याला गेलं. आमच्याकडे पहिल्या महायुद्धावर गेलेल्याला 'बसऱ्याच्या लढाईला गेला' असं आजही म्हणतात. अपशिंगे मिलिटरी गावानं त्या युद्धात ४६ माणसं गमावली, तिथं इंग्रजांनी उभारलेला स्मृतिस्तंभ गावकऱ्यांनी जपलाय. सगळ्याच गावांचं तसं नाही. किती माणसं गेली, किती परत आली नाहीत, एवढंच कोरलेल्या पाट्या कितीतरी वेशींवर आहेत. नावं नाहीतच. आमच्या गावची पाटी मी लहानपणी वाचलेली आठवते. आता तिच्यावर वाढदिवसाच्या फलकांचा चिकटा बसलाय. माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ त्या आकड्यात आहेत. त्यांचं पदक आजीनं एका लुगड्यात गुंडाळून ठेवलं होतं. वाटण्यांच्या वेळी ते कुणाच्या ट्रंकेत गेलं, हे आज घरात कुणालाच सांगता येत नाही.

कबरीजवळूनच गावी काकांना फोन लावला. तिकडे रात्र झाली होती. म्हटलं, 'काका, बसऱ्याच्या आजोबांचं नाव काय हो?' काका थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, 'घरात सगळे त्यांना आबाच म्हणायचे. थांब, सकाळी तात्यांना विचारून सांगतो.'