माळ्यावरचा पंखा आणि वाऱ्याची वाट

कौलारू घरात वर चढलेली गरम हवा कौलांच्या फटींतून आपसूक निघून जाते. कोकणातील माळा दुपारी तापतो खरा. पण संध्याकाळी वारा सुटला की तो निवतोही लवकर. अमेरिकेतील लाकडी घरांची रचना वेगळी आहे. तेथे वर डांबरी आवरणाचे उतरते छप्पर, खाली जिप्समच्या तक्त्यांचे सपाट छत आणि या दोहोंच्या मधे बंदिस्त त्रिकोणी पोकळी असते. हाच तिकडचा माळा, म्हणजे ‘अॅटिक’. भर उन्हाळ्यात तेथील तापमान ५० ते ५५ अंश सेल्सिअसवर जाते आणि सूर्य मावळल्यानंतरही ही धग कित्येक तास खालच्या खोल्यांत झिरपत राहते.

कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोचे उदाहरण घेता येईल. तेथे जुलैच्या दुपारी पारा पस्तिशीच्या आसपास रेंगाळतो; परंतु संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकडून ‘डेल्टा ब्रीझ’ या नावाने ओळखला जाणारा गार वारा येतो आणि पहाटेपर्यंत तापमान सोळा-सतरा अंशांवर उतरते. बाहेर असा गारवा आणि घरात मात्र कोंडलेला उकाडा, ही विसंगती दूर करण्यासाठी तिकडे ‘होल हाऊस फॅन’, म्हणजे सबंध घराचा पंखा वापरला जातो. नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांनाही घर घेतल्यावर या यंत्राची ओळख होते. ते बसवणे दिसते तितके अवघड नाही. मात्र त्यामागचे तत्त्व न समजता बसवल्यास ते जिवावर बेतू शकते.

पंखा काय करतो?

हा पंखा वरच्या मजल्यावरील मधल्या जागेत, छताला भोक पाडून बसवतात. तो सुरू केला की उघड्या खिडक्यांतून बाहेरची गार हवा घरात ओढली जाते, घरातील गरम हवा माळ्यावर ढकलली जाते आणि तेथून छपरातील झरोक्यांवाटे बाहेर पडते. केवळ माळ्यातील हवा बाहेर फेकणारा ‘अॅटिक फॅन’ निराळा. त्याचा खोल्यांतील हवेशी थेट संबंध नसतो. सबंध घराचा पंखा काहीशे वॅट वीज घेतो, तर घराच्या मध्यवर्ती वातानुकूलन यंत्रणेला साधारणतः तीन-चार हजार वॅट लागतात. कॅलिफोर्नियाच्या इमारतविषयक ऊर्जासंहितेत राज्यातील उष्ण हवामानाच्या विभागांतील नव्या घरांसाठी या पंख्याला स्थान मिळाले, त्याचे कारण हेच.

अर्थात, रात्री हवा गार आणि कोरडी होत असेल तेथेच त्याचा उपयोग. ह्यूस्टन किंवा फ्लोरिडासारख्या दमट प्रदेशांत तो गारव्याऐवजी दमटपणाच घरात आणतो.

हवेचा हिशेब

पंखा फक्त हवा ढकलतो; तिला आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट घरानेच द्यावी लागते. कॅलिफोर्नियाच्या संहितेनुसार घराच्या दर चौरस फुटामागे मिनिटाला किमान दीड घनफूट हवा खेचणारा पंखा हवा आणि पंख्याच्या दर ७५० घनफूट क्षमतेमागे माळ्याला किमान एक चौरस फूट मोकळा झरोका हवा. म्हणजे २,००० चौरस फुटांच्या घराला मिनिटाला ३,००० घनफुटांचा पंखा आणि चार चौरस फूट झरोके लागतील. छत आठ फूट उंच धरले तर घरातील १६,००० घनफूट हवा साडेपाच मिनिटांच्या आत एकदा बदलेल.

यातील ‘मोकळा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. झरोक्याला जाळी आणि झडपेच्या पट्ट्या असतात. त्यांनी अडवलेली जागा वजा करूनच हिशेब करावा लागतो. झरोके अपुरे असतील तर माळ्यावर हवेचा दाब वाढतो आणि तेथील गरम हवा, धुळीसह, छतातील दिव्यांच्या भोकांतून पुन्हा खोल्यांत उतरते. पंखा घरघरत राहतो, पण गारवा येत नाही.

अदृश्य धोका

वर जाणारी वाट अपुरी असली तर गैरसोय होते. खालची वाट बंद असली तर प्राणावर बेतते. अमेरिकेतील बऱ्याच घरांत गॅसवर पाणी तापवणारी मोठी टाकी असते. तिच्या ज्वाळेचा धूर कोणत्याही यंत्राविना, केवळ गरम असल्यामुळे धुरांड्यातून वर जातो. खिडक्या बंद ठेवून पंखा सुरू केला तर घरातील दाब कमी होतो, पंखा मिळेल तेथून हवा ओढू लागतो आणि धुरांड्यातील प्रवाह उलटा फिरतो. त्याबरोबर येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. महाराष्ट्रात बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. तेथेही घातक ठरतो तो हाच वायू.

म्हणून पंख्याचे बटण दाबण्यापूर्वी खिडक्या उघडणे, हा या यंत्राचा पहिला नियम. घरातील शेकोटीची झडपही बंद असावी, अन्यथा राख आणि काजळी दिवाणखान्यात येते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०११ पासून गॅसची उपकरणे असलेल्या स्वतंत्र घरांत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा गजर बंधनकारक आहे. पंखा बसवण्याआधी तो चालू स्थितीत आहे, याची खात्री करून घ्यावी.

बसवण्याचे काम

माळ्यावरचे काम भल्या पहाटे सुरू करून ऊन चढण्याआधी थांबवावे. पाय फक्त लाकडी तुळयांवर किंवा त्यांवर टाकलेल्या फळीवर ठेवावा. जिप्समचा तक्ता माणसाचे वजन पेलत नाही. काचतंतूंचे उष्णतारोधक थर त्वचेला आणि श्वासाला त्रास देतात, म्हणून मास्क, चष्मा आणि हातमोजे आवश्यक. जुन्या घरात अभ्रकासारखे चमकणारे, खड्यांच्या रूपातील ‘व्हर्मिक्युलाइट’ पसरलेले दिसले, तर त्याला हात लावू नये. माँटाना राज्यातील लिबी येथील, १९९० साली बंद झालेल्या खाणीतून अशा मालाचा मोठा पुरवठा होत असे आणि त्यात अॅस्बेस्टॉस मिसळलेले असे. तेथे आधी तज्ज्ञांकडून तपासणी करून घेणेच योग्य.

जुन्या पद्धतीचे मोठे पंखे बसवताना एखादी तुळई कापून भोवती नवी चौकट करावी लागे. आता तुळयांच्या वर बसणारे किंवा वाशांना पट्ट्यांनी टांगून जाड नळीने छताच्या जाळीशी जोडलेले पंखे मिळतात. दुसऱ्या प्रकारात मोटर दूर असल्याने आवाज आणि थरथर कमी होते. छप्पर कारखान्यात तयार झालेल्या कैच्यांवर उभे असेल, तर कैचीचा कोणताही भाग कापू नये. सारे छप्पर त्या त्रिकोणावर तोललेले असते. भोकाभोवती फळ्यांचा बांध घालावा, म्हणजे उष्णतारोधक थर पंख्यात ओढला जात नाही. उष्णतारोधक झडप नसलेल्या पंख्याचे भोक हिवाळ्यात झाकावे लागते, नाहीतर घरातील ऊब तेथूनच निघून जाते.

तारांच्या रंगांची गफलत

वीजजोडणीत भारतात शिकलेला माणूस हमखास चुकू शकेल, अशी एक जागा आहे. आपल्याकडे घरोघरी लाल तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची, हे हाताला ठाऊक झालेले असते. अमेरिकेत काळी तार फेजची, पांढरी न्यूट्रलची आणि उघडी तांब्याची किंवा हिरवी तार अर्थिंगची असते. आपल्या सवयीने काळी तार निर्धोक मानणारा थेट १२० व्होल्टला हात घालतो. जुन्या घरांत कधी बटणाकडे जाणारी पांढरी तारही फेज वाहत असते. म्हणून रंगावर भिस्त न ठेवता ब्रेकर बंद करावा, टेस्टर आधी चालू असलेल्या ठिकाणी तपासावा आणि मगच प्रत्येक तार त्याने पाहावी.

पंख्यासाठी शक्यतो १५ अँपिअरचे स्वतंत्र सर्किट ठेवावे. त्याला १४ गेजची तांब्याची तार लागते, २० अँपिअरच्या सर्किटला १२ गेजची. माळ्यातील उष्णता पाहता तारेचे आवरणही महत्त्वाचे. नव्या केबलमधील तारांचे आवरण ९० अंश सेल्सिअससाठीचे असते, जुन्या केबलचे ६० अंशांसाठीचे. प्रत्येक जोड जंक्शन बॉक्समध्येच असावा आणि तो बॉक्स पुढेही हाताशी येईल अशा जागी असावा. अर्थिंगची तार पंख्याच्या धातूच्या सांगाड्याला पक्की जोडावी. बटण फेजच्या तारेवर आणि मोटरचा भार सोसणारे असावे. दिव्याचा डिमर येथे चालत नाही. दोन गतींच्या पंख्याला बहुधा काळी आणि लाल अशा दोन फेजच्या तारा असतात. दोहोंना एकाच वेळी वीज मिळाली तर मोटर जळू शकते, म्हणून एका वेळी एकच गती देणारे बटण घ्यावे. या कामाला बहुतेक ठिकाणी स्थानिक बांधकाम विभागाची परवानगी आणि तपासणी लागते. ती अडचण न मानता दुसऱ्या जाणकाराची नजर समजावी. चिनी मातीच्या गोट्यांवरून नेलेल्या फार जुन्या तारा आढळल्यास काम इलेक्ट्रिशियनकडे सोपवावे.

वापरातील विवेक

बाहेरची हवा घरातील हवेपेक्षा गार झाली की आधी खिडक्या उघडाव्यात, मग पंखा लावावा. सकाळी ऊन चढण्यापूर्वी पंखा थांबवून खिडक्या आणि पडदे बंद करावेत. भिंती आणि फरशी रात्रभर निवलेल्या असल्याने दुपारपर्यंत घर सुसह्य राहते. वातानुकूलन यंत्र सुरू असताना हा पंखा लावू नये. बाहेरची हवा जशी असेल तशीच तो घरात आणतो, हेही विसरता येत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात उत्तर कॅलिफोर्नियावर वणव्यांचा धूर पसरला, तेव्हा खिडक्या मिटून पंखा बंद ठेवणे हेच शहाणपणाचे होते. घरात आग लागल्यास तर तो चुकूनही सुरू ठेवू नये; तो ज्वाळांना वारा घालतो.

आपल्या जुन्या घरांतील झरोके आणि वाड्यांतील चौक वाऱ्याला वाट देत असत. माळ्यावरचा पंखा तेच काम विजेच्या बळावर करतो, मात्र वाट मोकळी ठेवण्याची जबाबदारी घरातल्या माणसांचीच राहते.