एंजिन-दोषनिदान, मोटारगाडीचे

एंजिन-दोषनिदान, मोटारगाडीचे : मोटारगाडीचे एंजिन सुरू न होणे अथवा सुरू होऊन बंद पडणे यांमागील दोषाचे स्थान क्रमवार तपासणीने शोधून काढण्याच्या क्रियेस दोषनिदान म्हणतात. पेट्रोल एंजिन चालण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात : योग्य प्रमाणात हवा मिसळलेले इंधन, त्या मिश्रणाचे सिलिंडरातील पुरेसे संपीडन आणि योग्य क्षणी पडणारी विद्युत् ठिणगी. यांपैकी कोणती गोष्ट उणी आहे हे ठरविणे, हेच निदानाचे मुख्य कार्य होय. अनुभवी कारागीर एका वेळी एकच गोष्ट तपासतो. एकदम चार भाग बदलल्यास गाडी कदाचित सुरू होते, पण दोष कोठे होता ते कळत नाही आणि तो पुन्हा उद्‌भवण्याचा संभव राहतो.

पिंपरी-चिंचवड व चाकण या मोटार उद्योगाच्या पट्ट्यालगत, भीमा नदीकाठी वसलेल्या राजगुरुनगराच्या (पूर्वीचे खेड) परिसरात या दोषांचे बहुतेक सर्व प्रकार आढळतात. पुणे-नाशिक रस्त्यावर चाकण येथील वाहनांच्या गर्दीत एंजिन तापते, उत्तरेकडील जुन्या खेड घाटाच्या चढणीवर त्यावर भार पडतो, तर पश्चिमेस चास-वाडामार्गे भीमाशंकरकडे जाताना पावसाळ्यात धुके व ओल यांमुळे विद्युत् मंडलात बिघाड होतो.

आरंभक चलित्र : किल्ली फिरविल्यावर होणारा आवाज हा निदानाचा पहिला पुरावा असतो. कारागिरांच्या बोलीत ज्याला ‘सेल्फ’ म्हणतात ते आरंभक चलित्र मुळीच फिरत नसल्यास पुढचे दिवे लावून पुन्हा किल्ली फिरवावी. दिवे विझले किंवा फार मंदावले, तर विद्युत् घटमाला उतरलेली असते वा तिच्या अग्रांची जोडणी सैल असते. दिवे पूर्ववत प्रखर राहिले, तर प्रवाह चलित्रापर्यंत पोहोचतच नाही, असे समजावे. लागोपाठ ‘टकटक’ असा आवाज येणे हे बहुधा दुबळ्या घटमालेचे लक्षण असते. पूर्ण भारित १२ व्होल्ट घटमालेचा दाब विश्रांतीच्या स्थितीत सु. १२·६ व्होल्ट असतो. एंजिन फिरविताना तो ९·६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. अनेकदा घटमाला निर्दोष असून अग्रांवर साचलेला पांढरा-हिरवा थरच प्रवाह अडवितो. अशा वेळी ऋण अग्राची तार प्रथम सोडून अग्रे गरम पाण्याने धुऊन घासावीत. भारित होणाऱ्या घटमालेतून हायड्रोजन वायू निघत असल्याने तिच्याजवळ काडी पेटवू नये. नव्या गाड्यांत क्लच दाबलेला नसणे किंवा चोरी-प्रतिबंधक यंत्रणेने किल्ली न ओळखणे, एवढ्यानेही एंजिन सुरू होत नाही.

ठिणगी : चलित्र जोमाने फिरते, पण एंजिन पेट घेत नाही, अशा वेळी ठिणगी तपासतात. प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांत प्रवर्तन वेटोळे, खंडक, धारित्र आणि वितरक यांच्या साहाय्याने घटमालेचा १२ व्होल्ट दाब हजारो व्होल्टपर्यंत वाढवून ठिणगी-गुडदीस पुरविला जात असे. खंडकाची अग्रे जळणे अथवा त्यांतील सु. अर्ध्या मिमी. फटीचे मान बदलणे हा या गाड्यांचा नित्याचा विकार होता. ओल धरलेल्या वितरकाच्या झाकणावरून प्रवाह भलतीकडे जाई. झाकण काढून कोरड्या फडक्याने पुसले की एंजिन सुरू होई. मुंबईच्या टॅक्सीचालकांना हा उपाय अंगवळणी पडलेला होता. (पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.) गुडदी काढून पाहिल्यास तिचा रंगही बोलका असतो : फिकट तपकिरी रंग निकोप ज्वलनाचा, कोरडी काजळी जादा इंधनाची, तर तेलकट काळा थर झिजलेल्या दट्ट्याकड्यांचा निदर्शक होय. तार उघडी धरून ठिणगी पाहण्याची जुनी रीत इलेक्ट्रॉनीय प्रज्वलन असलेल्या गाड्यांवर वापरू नये. तीमुळे नियंत्रक मंडल जळू शकते आणि माणसासही जोराचा धक्का बसतो.

इंधन : सामान्य स्थितीत पेट्रोलच्या वजनाच्या सु. १५ पट हवा लागते. थंड एंजिनास मात्र अधिक संपृक्त मिश्रण हवे असते. कार्ब्युरेटर असलेल्या गाडीत याकरिता चोक ओढतात. तो वारंवार ओढल्यास पेट्रोल साचून गुडद्या भिजतात. अशा वेळी वेगवर्धक पायटा पूर्ण दाबून एंजिन थोडा वेळ फिरवावे, म्हणजे जादा पेट्रोल बाहेर पडते. भारतात २०२५ पर्यंत पेट्रोलमधील एथिल अल्कोहॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर नेण्यात आले. हे मिश्रण पाणी शोषून घेते आणि ते प्रमाणाबाहेर झाल्यास अल्कोहॉलयुक्त पाण्याचा थर टाकीच्या तळाशी वेगळा होतो. पावसाळाभर उभी ठेवलेली गाडी सुरू न होण्यामागे हे एक कारण असू शकते.

चालताना बंद पडणे : क्षणात बंद पडलेल्या एंजिनाचा दोष बहुधा विद्युत् मंडलात, तर आचके देत बंद पडलेल्याचा इंधनमार्गात असतो. हा ढोबळ नियम असला, तरी बराच उपयुक्त आहे. उन्हाळ्यात चढणीवर एंजिन बंद पडून अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाल्यास बाष्परोध झालेला असतो. पेट्रोलचे हलके घटक सु. ४०° से. च्या आसपासच उकळू लागतात; नळीत वाफ भरली की एंजिनावर बसविलेला पंप पेट्रोल खेचू शकत नाही. पंपावर ओले फडके गुंडाळणे हा घाटातला प्रचलित उपाय शास्त्रीय दृष्ट्याही योग्यच आहे. पंप टाकीतच बसविलेल्या नव्या गाड्यांत हा विकार क्वचित आढळतो.

पाणी शिरणे : साचलेल्या पाण्यात बंद पडलेले एंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. हवेच्या मार्गाने सिलिंडरात गेलेले पाणी संपीडित होत नाही. दट्ट्या अडतो आणि संयोगदांडा वाकतो किंवा मोडतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला तेव्हा असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या. अशा गाडीची घटमाला सोडवून ती ओढून न्यावी, गुडद्या काढून सिलिंडरांतील पाणी बाहेर काढावे व वंगण तेल बदलावे. तेल दुधाळ दिसल्यास पाणी खालच्या तेलपात्रापर्यंत उतरले आहे, हे निश्चित होते.

डीझेल एंजिन : यात ठिणगी नसते, संपीडनाने तापलेल्या हवेत इंधन पेटते. टाकी पूर्ण रिकामी झाल्यास इंधननळीत हवा शिरते आणि नंतर डीझेल भरूनही एंजिन सुरू होत नाही. जुन्या ट्रक व टेंपोंत गाळणीवरील मळसूत्र सैल करून, हातपंपाने बुडबुडेरहित डीझेल येईपर्यंत ही हवा काढून टाकतात. सामाईक नलिकेच्या नव्या एंजिनांत मात्र उच्च दाबाच्या नळ्या सैल करू नयेत. त्यांतील दाब १,००० वातावरणांहून अधिक असतो आणि त्या दाबाखालील सूक्ष्म धार कातडी भेदून शरीरात शिरते. अशी जखम वरून किरकोळ दिसली, तरी तीवर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

इलेक्ट्रॉनीय नियंत्रण : २००० नंतर मोटारगाड्यांतून कार्ब्युरेटर मागे पडत गेला आणि एंजिनाचे नियंत्रण संवेदकांकडे आले. भुजादंडाचे स्थान सांगणारा संवेदक निकामी झाला, तर एंजिन व्यवस्थित फिरूनही ठिणगी व इंधन दोन्ही बंद राहतात. एंजिन तापल्यावर बंद पडणे व निवल्यावर सुरू होणे हे या संवेदकातील बिघाडाचेही लक्षण असल्याने बाष्परोधाशी त्याची गल्लत होते. एखाद्या सिलिंडरात ठिणगी चुकत असताना गाडी तशीच रेटल्यास न जळलेले पेट्रोल निष्कास मार्गातील उत्प्रेरकात जाऊन पेटते व तो वितळू शकतो. तपासणी-उपकरणावर दिसणारा सांकेतिक आकडा दोष कोणत्या मंडलात आहे एवढेच सांगतो. संवेदक बिघडला, जोडणी गंजली की तार तुटली, हे मापकाने स्वतंत्रपणे पाहावे लागते. शेताकडेला किंवा गोठ्याजवळ उभ्या केलेल्या गाड्यांत उंदरांनी तारा कुरतडल्याचे पुष्कळदा आढळते, म्हणून महागडा संवेदक बदलण्यापूर्वी तारांची जुडी हाताने तपासून घेतात.