म्हातारपणचा हर्निया: ऑपरेशन कधी?

जांघेत फुगवटा दिसतो, आडवं झालं की आत जातो, खोकलं की पुन्हा बाहेर. पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतडं किंवा चरबी पुढे सरकते, तो हा हर्निया. औषधानं तो बरा होत नाही. कमरेचा पट्टा फुगवटा दाबून धरतो, एवढंच.

मग ऐंशीच्या आजोबांचं लगेच ऑपरेशन करायचं का? त्रास नसेल तर घाई नको. उत्तर अमेरिकेत 720 पुरुषांवर झालेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, थांबून लक्ष ठेवलेल्यांमध्ये आतडं अचानक अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारात दोनहूनही कमी होतं. मात्र पुढच्या दहा वर्षांत त्यांतल्या बहुतेकांनी, मुख्यतः दुखू लागल्यामुळे, ऑपरेशन करून घेतलंच. बायकांच्या बाबतीत थांबणं धोक्याचं, कारण जांघेतली गाठ मांडीकडच्या अरुंद वाटेतला हर्निया असू शकते आणि तो लवकर अडकतो.

‘या वयात भूल झेपेल का?’ ही घरच्यांची भीती रास्त, पण बऱ्याचदा जाळी बसवण्याचं ऑपरेशन फक्त ती जागा बधिर करूनही होतं. खरा धोका वाढतो तो आणीबाणीत. जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, प्रोस्टेटमुळे लघवीला कुंथणं यांवर आधी उपचार हवेत.

फुगवटा कडक झाला, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर चोळत बसू नका; त्याच तासाला रुग्णालय गाठा.