गोव्याचं तिकीट, पण कुठल्या गोव्याचं?

तिकिटावर नुसतं ‘गोवा’ वाचून विमानात बसणारा माणूस हल्ली फसू शकतो. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत आणि त्यांच्यातलं अंतर साठ किलोमीटरच्या आसपास आहे. एक वास्कोजवळचा जुना दाबोळी. दुसरा राज्याच्या पार उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यातल्या सड्यावर उभा राहिलेला मोपा. तिकिटावर जीओआय ही अक्षरं असतील तर दाबोळी, जीओएक्स असतील तर मोपा. स्वस्तातलं तिकीट शोधताना कित्येकदा जाणं एका विमानतळावर आणि परतणं दुसऱ्यावरून असा जोड मिळतो. त्यात वाईट काही नाही, फक्त तो आधी लक्षात यायला हवा. परतीच्या दिवशी मडगावात टॅक्सीवाल्याला ‘एअरपोर्ट’ एवढंच सांगितलं, तर तो बहुधा दाबोळीचीच वाट धरेल.

मोपाची पायाभरणी नोव्हेंबर 2016 मध्ये झाली. पुढे पर्यावरण परवानगीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये काम थांबवलं, आणि 2020 च्या सुरुवातीला ते पुन्हा मार्गी लागलं. 11 डिसेंबर 2022 रोजी उद्घाटन झालं, मनोहर पर्रीकरांचं नाव विमानतळाला मिळालं आणि 5 जानेवारी 2023 पासून प्रवासी विमानं उतरू लागली. दाबोळी असताना हा कशाला, असा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणांनी विचारला होता. त्याचं उत्तर दाबोळीच्या मालकीत आहे. ती धावपट्टी नौदलाच्या आयएनएस हंसा या तळाची आहे. तिथे प्रवासी विमानांना जागा मिळते ती नौदलाचं काम सांभाळून. मोपाला असा धनी नाही. पहिल्या टप्प्यातच वर्षाला 44 लाख प्रवाशांची सोय धरून तो बांधला गेला.

गंमत अशी की, या विमानतळाचा फायदा जितका गोव्याला झाला तितकाच हद्दीपलीकडच्या तळकोकणालाही. बांदा तर हाकेच्या अंतरावर. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ला इथल्या माणसाला मोपा मडगावकरापेक्षा कितीतरी जवळ पडतो. पुण्या-मुंबईत किंवा बेंगळुरूत नोकरी करणारा मुलगा चतुर्थीला घरी यायचा म्हणजे रात्रभराची बस किंवा कोकण रेल्वेचं न मिळणारं आरक्षण, हे इतकी वर्षं ठरलेलं होतं. आता तो सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी पोचू शकतो. अर्थात चतुर्थीच्या आठवड्यातली तिकिटं कितीला जातात ते कोकणी माणसाला सांगायला नको.

विमानाचा प्रवास सोपाच असतो, अडतं ते दाराबाहेर पडल्यावर. पणजी साधारण पस्तीस किलोमीटर, मडगाव त्याच्या जवळपास दुप्पट, आणि काणकोण-पाळोळे म्हणजे अख्खा गोवा उभा ओलांडायचा. त्यामुळे दक्षिण गोव्यात राहायचं असेल तर मोपाचं तिकीट हजार रुपयांनी स्वस्त दिसलं तरी टॅक्सीचं भाडं मिळवून मगच हिशोब करावा. बहुतेक वेळा दाबोळीच परवडतो. हरमल, मोरजी, मांद्रे, म्हापसा या बाजूला जाणाऱ्याने मात्र डोळे मिटून मोपा घ्यावा. राष्ट्रीय महामार्ग 66 वरून धारगळपाशी विमानतळाचा खास जोडरस्ता फुटतो, त्यामुळे गावांतल्या वळणांतून जावं लागत नाही.

टॅक्सी हा गोव्यातला जुना दुखरा विषय. मुंबई-पुण्यातली ॲपं इथेही गाडी आणून देतील, या भरवशावर कुणी राहू नये. विमानतळावर टॅक्सीचे काऊंटर आहेत. तिथे भाडं आधी विचारावं, पावती घ्यावी आणि मग बसावं. एकट्या-दुकट्या माणसाला कदंबची बस बरी. म्हापसा, पणजी, मडगाव या बाजूंना विमानतळावरून गाड्या सुटतात आणि टॅक्सीच्या मानाने त्या फार स्वस्त पडतात. पण रात्री उशिरा उतरणाऱ्याने शेवटची बस किती वाजता, हे निघण्यापूर्वी बघून ठेवावं. सावंतवाडी-कुडाळकडे जाणाऱ्यांनी गावचा गाडीवाला बोलवायचा असेल, तर त्याच्याकडे राज्य ओलांडायचं परमिट आहे ना, एवढं फोनवरच विचारावं.

आता पिशवीबद्दल, कारण कोकणातून परतणाऱ्या माणसाची पिशवी कधी हलकी नसते. देशांतर्गत विमानात साधारण पंधरा किलो सामान आत देता येतं आणि सात किलो हातात. मोपावरून सोलापूर, जळगाव अशा शहरांना फ्लाय 91 या गोव्याच्याच कंपनीची एटीआर विमानं जातात. सत्तरेक आसनांचं, पंख्यांवर चालणारं हे विमान लहान असतं, डोक्यावरचे कप्पेही लहान. मोठी ट्रॉली बॅग त्यात मावत नाही.

आईने दिलेलं लोणचं हातातल्या पिशवीत असेल तर ते तपासणीत हमखास अडकतं, कारण तेल सुटलेली बरणी द्रवपदार्थांत मोजली जाते. ती घट्ट बांधून आत द्यायच्या बॅगेत टाकावी. नारळही तिथेच. सुकं खोबरं मात्र दोन्हीकडे चालत नाही. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापू शकतं, म्हणून ते धोकादायक वस्तूंच्या यादीत आहे. तपासणीच्या टेबलाशी यावरून रोज एखादी आजी हुज्जत घालताना दिसली तर नवल नाही, पण नियम बदलत नाही. पॉवर बँकेचं उलटं: ती हातातच हवी, आतल्या बॅगेत नाही. सोलं, काजू, कोकमाची सुकी आमसुलं निर्धास्त न्यावीत.

जून ते सप्टेंबर ही वेगळीच गोष्ट आहे. मोपा सड्यावर असल्याने पावसाळ्यात ढग अगदी खाली येतात, विमान घिरट्या घालतं आणि कधीकधी दुसरीकडे वळवलं जातं. हवामानामुळे विमान रद्द झालं तर नुकसानभरपाई मिळत नाही. पण तिकिटाचे पूर्ण पैसे किंवा दुसऱ्या विमानात जागा, यांपैकी एक मागण्याचा हक्क प्रवाशाला आहे. काऊंटरवर ‘काही करता येत नाही’ असं ऐकून परत फिरू नये. पावसात त्याच दिवशी लग्न किंवा मुलाखत गाठायची असेल तर आदल्या दिवशीचं विमान घ्यावं.

मालवण, कुडाळ, देवगडच्या माणसाला मोपा इतकाही जवळ नाही. त्याच्यासाठी चिपी आहे, सिंधुदुर्गचा स्वतःचा विमानतळ, 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झालेला. तिथली मुंबईची फेरी ‘उडान’ योजनेतून सुरू झाली. या योजनेत लहान मार्गांवर काही आसनांचं भाडं बांधून दिलेलं असतं आणि कंपनीचा तोटा सरकार तीन वर्षं भरून देतं. तीन वर्षं सरली की कंपनी गणित पुन्हा मांडते. चिपीची ती मुंबई फेरी 2024 च्या ऑक्टोबरात थांबली, तेव्हा जिल्ह्यात बराच आरडाओरडा झाला. देशभरातल्या लहान विमानतळांवर हेच घडतं, म्हणून अशा ठिकाणची दोन-तीन महिने पुढची तिकिटं काढल्यावर फेरी चालू आहे ना, हे अधूनमधून तपासत राहणं शहाणपणाचं.

आणि कणकवलीकराने? त्याने विमानाच्या भानगडीत पडण्यापूर्वी मुंबई-मडगाव वंदे भारतचं वेळापत्रक बघावं. जून 2023 पासून ही गाडी धावते आणि कणकवलीला थांबते. घरापासून विमानतळ, तासभर आधीची हजेरी आणि उतरल्यावरचा रस्ता हे सगळं धरलं, तर वाचणारा वेळ तिकिटातल्या फरकाइतका मोठा राहत नाही. सावंतवाडीच्या खाली राहणाऱ्याला विमान, कणकवलीच्या वर राहणाऱ्याला रेल्वे, आणि चिपीला सोयीची फेरी मिळालीच तर मालवणकराने ती सोडू नये.