औक्षणाचें निरांजन आणि वाढदिवसाचा फुगा

आमच्या लहानपणीं फुगा घरांत येई तो यात्रेच्या दिवशीं, बारीक काडीस बांधलेला. आतां आमच्या खंडाळ्यासारख्या तालुक्याच्या गांवींहि बारसें, वाढदिवस किंवा मुंज फुग्यांच्या तोरणावांचून होत नाहीं. आम्हांस त्याचा विषाद नाहीं. परंतु नातवाच्या वाढदिवशीं आमच्या घरीं जें घडतां घडतां टळलें, तें वाचकांच्या कानीं घालणें आम्हांस अवश्य वाटतें.

सूनबाईंनीं औक्षणाचें ताम्हन उचललें, निरांजन तेवत होतें, आणि नातवाच्या डोक्यावर बाजारांतून आणलेल्या तरंगत्या फुग्यांचा झुबका डोलत होता. यांत वायु कोणता, असें आम्हीं विचारलें. कोणासच ठाऊक नव्हतें! फुगे अंगणांत नेऊन बांधले, मगच औक्षण झालें.

तरंगत्या फुग्यांत हायड्रोजन असतो किंवा हेलियम. १८२४ सालीं मायकेल फॅरडे यांनीं लंडन येथें रबराचे पहिले फुगे केले, ते हायड्रोजनच्या प्रयोगांसाठींच. हा वायु सर्वांत हलका, पण ठिणगीसरशी भडकणारा. ६ मे १९३७ रोजीं अमेरिकेंत ‘हिंडेनबर्ग’ ही हायड्रोजननें भरलेली वायुनौका पेटली व ३६ माणसें प्राणांस मुकलीं. हेलियम पेटत नाहीं, पण तो महाग. म्हणून कित्येक फुगेवाले हायड्रोजनच वापरतात. ऑक्टोबर २०२३ मध्यें लातूर शहरांत फुगेवाल्याची टाकी फुटून तो स्वतः मृत्यु पावला व भोंवतालचीं मुलें जखमी झालीं. म्हणून मुलांस टाकीपाशीं घोटाळूं देऊं नये. आणि वायूची खात्री नसेल, तर तो हायड्रोजनच आहे असें समजून दिवा, मेणबत्ती व उदबत्ती यांपासून फुगे दूर ठेवावे. हेलियम ओढून आवाज बदलण्याचा खेळहि घातक; फुफ्फुसांत प्राणवायूची जागा तो घेतो व मूल बेशुद्ध पडतें.

याहूनहि फसवा धोका फुटक्या फुग्याच्या तुकड्याचा. त्याच सायंकाळीं आमची दोन वर्षांची नात माजघरांत असा तुकडा चघळतांना आढळली. पातळ रबर घशांत चिकटून श्वासमार्ग झांकून टाकतें, आणि बोट घालावें तर तें अधिकच आंत सरकतें. अमेरिकेंत १९९४ च्या कायद्यानें, आठ वर्षांखालील मुलांस न फुगविलेल्या वा फुटक्या फुग्यानें गुदमरण्याचा धोका आहे, अशी सूचना पाकिटावर छापणें बंधनकारक केलें.

एक वर्षावरील मूल गुदमरून त्याचा आवाज व खोकला बंद पडल्यास, त्यास पुढें वांकवून दोन्ही खांद्यांच्या मध्यें तळहाताच्या टाचेनें पांच थापा द्याव्या. मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर मुठीनें पांच वेळां आंत व वर दाबावें. हें आळीपाळीनें चालूं ठेवावें आणि दुसऱ्यानें तत्काळ १०८ क्रमांकास दूरध्वनि करावा. वर्षाच्या आंतील बालकाचें पोट मात्र दाबूं नये. त्यास थापांनंतर छातीच्या मध्यावर दाब द्यावा.

फुगे तोंडानें न फुगवितां हातपंपानें, आणि थोडे सैलच फुगवावे. उन्हांत व तापल्या दिव्याजवळ ते फुटतात. कार्य आटोपतांच एका वडील माणसानें फुगे मोजून फोडावे व तुकडे वेंचावे. फुगा हिरावल्यास मूल घटकाभर रडेल. तें रडणें घरानें आनंदानें सोसावें.