तालुकदार म्हणजे तहसीलदार नव्हे

बीड जिल्ह्यातल्या जुन्या निजामी कागदांत ‘अव्वल तालुकदार’ असा हुद्दा दिसला की पुष्कळांना तो तालुक्याचा अधिकारी वाटतो. शब्दच तसा आहे. पण हैदराबाद संस्थानात दिवाण पहिल्या सालारजंगांनी १८६५ साली जिल्हाबंदी (मुलखाची जिल्ह्यांत विभागणी) केली, त्यानंतर अव्वल (पहिला) तालुकदार हा अख्ख्या जिल्ह्याचा प्रमुख असे. म्हणजे आजचा कलेक्टर. त्याच्या हाताखाली दुय्यम तालुकदार. तालुका सांभाळायचा तो तहसीलदारच, तेव्हाही आणि आताही.

उत्तरेतल्या अवधमध्ये मात्र तालुकदार हा अधिकारीच नव्हता. तो बडा जमीनदार. आसाम-बंगालकडे तर हे चक्क आडनाव आहे. आपल्याकडच्या ‘मास्तर’सारखंच हे: शाळेत शिकवतो तो मास्तर, स्टेशनावर गाडी सोडतो तो मास्तर आणि कपडे शिवतो तोही मास्तरच.

कलेक्टर शब्दाचीही तीच गत. त्याचा मूळ अर्थ वसुली करणारा. आज कलेक्टर निवडणुकाही घेतो आणि दुष्काळात टँकरही लावतो. म्हणून घरात जुना कागद सापडला, तर हुद्द्याआधी साल आणि संस्थान पाहावं.