ठोक्यांचा भागाकार

क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ उघडून पाहिले, तर आजचा विषय अर्धा समजलाच म्हणून समजा. त्यातला स्फटिक बहुधा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. या संख्येचे पंधरा वेळा निम्मे करा. उरतो एक, म्हणजे आपला सेकंद. हे काम विजेचे एक साधे मंडल करते. पहिल्या ठोक्याला ते चालू होते, दुसऱ्याला बंद. दोन ठोके आत गेले की बाहेर एकच येतो.

हाच भागाकार मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये संगीताच्या कामी येतो. या वाद्यात ध्वनी काढणारे, गाळणारे, मोजणारे असे सुटे भाग असतात. वादक ते वायरींनी जोडतो. जर्मनीतील डोप्फर यांचा 'ए-१६०' हा विभाजक एका ठोक्यापासून दर २, ४, ८, १६, ३२ व ६४ ठोक्यांची सहा टोके देतो.

मग जोडायचे कसे? मूळ ठोका झांजेसारख्या आवाजाला, चौथा ढोलाला, सोळावा स्वर बदलायला, ही सरळ वाट. ती बिनचूक असते आणि लवकर कंटाळवाणी होते. कारण प्रत्येक संख्या पुढच्या संख्येच्या पोटात बसते.

म्हणून विषम सोबती घ्यावा. तीनचा व चारचा विभाजक एकदम सोडला, तर ते दर १२ ठोक्यांनी भेटतात. रूपकाच्या ७ मात्रा व तीनतालाच्या १६ शेजारी ठेवल्या, तर भेट ११२ मात्रांनी होते. तोवर श्रोता वाट पाहतो. रंगत त्या वाट पाहण्यात आहे.

दुसरी युक्ती: विभाजकाला मध्येच 'पहिल्यापासून मोज' असे सांगणे. तीन ठोक्यांच्या प्रत्येक गटाच्या आरंभी वाजणारा विभाजक आठ ठोक्यांनी पुन्हा सुरू केला, की ३, ३, २ अशी चाल निघते. क्यूबाच्या नृत्यसंगीतात ही चाल मुरलेली आहे.

तिसरी: ठोके इतके जलद करा की त्यांचा स्वर होईल. ४४० कंपनांचे निम्मे २२०, म्हणजे तोच स्वर एक सप्तक खाली. तिनाने भागले तर निराळाच खालचा स्वर मिळतो. अशाच भागलेल्या स्वरांवर ऑस्कर साला यांचे मिक्स्टुर-ट्राउटोनियम चाले. हिचकॉकच्या १९६३ सालच्या 'द बर्ड्स' चित्रपटातील पाखरांचा कलकलाट त्यावरचा आहे.

संघटनेच्या कामात माझा बराच काळ पाळीच्या घड्याळाशी भांडण्यात गेला आहे. तेथे एक घड्याळ सर्वांना हाकते. येथेही घड्याळ एकच. पण कोणता ठोका घ्यावा व कोणता सोडावा, हे वायर हाती असलेला माणूस ठरवतो. आठांतले सात सोडले म्हणून आठव्याला वजन येते. यंत्राला मोजता येते. विसावा कोठे द्यायचा, हे मात्र माणसानेच सांगावे लागते.